कोड निघेपर्यंत

सकाळी ६.१०

"सिस्टर, एक क्लिप बसली नाही."

आयसीयूतल्या रात्रपाळीच्या स्टाफचा फोन. मी चहाखालचा गॅस बारीक केला.

"तुला टोचलं का?"

"नाही."

"पेशंट?"

"बरा आहे. लाइन चालू आहे."

"सुई कुठाय?"

"किडनी ट्रेमध्ये ठेवलीय, झाकून."

"आणि कव्हर?"

इथे ती गप्प झाली. कव्हर कचऱ्यात गेलं होतं. "मावशी डबा न्यायच्या आत शोधून काढ. ग्लोव्हज घालून. लॉट नंबर त्याच्यावरच आहे." फोन ठेवला तोवर चहा उतू गेला होता.

पुण्यातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात मी इन्फेक्शन कंट्रोल सिस्टर आहे. चौदा वर्षं वॉर्डात काढली, गेली नऊ वर्षं या खुर्चीवर. खुर्ची म्हणायला, तिच्यावर बसायला मिळतं ते महिन्यातल्या एका गुरुवारी, दुपारी तीन वाजता. कापसाच्या गुंडाळीपासून व्हेंटिलेटरच्या नळीपर्यंत कुठलीही नवी वस्तू आमच्या स्टोअरमध्ये यायची तर तिला त्या मीटिंगमधून जावं लागतं. आजच्या यादीत एकच वस्तू आहे: सेफ्टी कॅन्युला. सलाईनसाठी शिरेत सुई घालतात, नळी आत राहते आणि सुई बाहेर काढतात. या कॅन्युलात सुई बाहेर निघताना एक इवलीशी धातूची क्लिप तिच्या टोकावर आपोआप बसते, म्हणजे ती नंतर कुणाला टोचत नाही. क्लिप बसली तर.

सकाळी ७.३०

ट्रायल कशी चाललीय हे विचारायची खरी वेळ पाळी बदलतानाची. रात्रपाळीला घरी जायची घाई असते, म्हणून कुणी गोड बोलत बसत नाही.

ट्रायलला बारा दिवस झाले. आयसीयू, मेल मेडिकल आणि मुलांचा वॉर्ड अशा तीन ठिकाणी ती चालू आहे. मी आधी पेशंटचे हात बघते, चेहरा नंतर. ड्रेसिंगवर तारीख-वेळ लिहिलीय का, शिरेच्या कडेला लाली आहे का, सूज आहे का, दाबल्यावर दुखतं का. त्यावरून शून्य ते पाच गुण द्यायचे. ही मोजपट्टी १९९८ साली इंग्लंडमधल्या अँड्र्यू जॅक्सन या नर्सने मांडली. दोन गुण पडले की वाद घालायचा नाही, लाइन काढून दुसरीकडे लावायची. बिछान्याशेजारी उभं राहणाऱ्याने केलेली मोजपट्टी आहे, म्हणून बिछान्याशेजारी चालते.

वॉर्डात कॅन्युलाचा आकडा कुणी उच्चारत नाही, रंग सांगतात. "पिंक दे." "यलो तरी जाईल का बघ." केशरी १४ गेज, राखाडी १६, हिरवा १८, गुलाबी २०, निळा २२, पिवळा २४, जांभळा २६. आकडा वाढला की नळी बारीक. कंपनी कुठलीही असो, रंग तेच ठेवायचे, हे आंतरराष्ट्रीय मानकात ठरलेलं आहे. कारण धावपळीत माणूस वाचत नाही, रंग बघून हात घालतो.

मुलांच्या वॉर्डाच्या इन-चार्ज म्हणाल्या, "पिवळ्याचा मागचा भाग जड लागतो. बाळाच्या मनगटावर धरताना टोक वर उचललं जातं." मेल मेडिकलची तक्रार वेगळी: रक्त उशिरा दिसतं. सुई शिरेत गेली की मागच्या पारदर्शक खोलीत लगेच लाल दिसायला हवं. ते एक-दोन सेकंद उशिरा दिसलं तर हात अजून पुढे जातो आणि शीर फुटते. तिसरी तक्रार पॅकची. ग्लोव्हज ओले असले की कागद सरळ फाटत नाही, कोपऱ्यात तुटतो.

यातलं काही कंपनीच्या माहितीपत्रकात नसतं. म्हणून प्रत्येक कॅन्युलामागे एक फॉर्म आहे: गेज, कितव्या प्रयत्नात लाइन लागली, रक्त कधी दिसलं, क्लिप बसली का, अभिप्राय, सही. ट्रायल सुरू झाली त्या दिवशी मी त्यात बॉलपेनने आणखी एक रकाना आखला: "उचलणाऱ्याचा अभिप्राय". झेरॉक्स काढताना ऑफिसातला मुलगा म्हणाला, "सिस्टर, उचलणारा म्हणजे चोर का?"

सकाळी ९.००

स्टोअर तळघरात. फार्मासिस्ट काका फाइल उघडून बसलेत. वॉर्डात वस्तूची परीक्षा होते, इथे कागदांची.

कॅन्युला एवढीशी दिसते, पण कायद्याच्या नजरेत ती जुनी आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये दहा उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आली. त्यात हृदयातला स्टेंट, कृत्रिम झडप, डोळ्यातली लेन्स यांच्या रांगेत ही नळीही होती. पुढे मेडिकल डिव्हाइसेस रूल्स, २०१७ आले आणि १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. त्यांनी उपकरणांचे धोक्याप्रमाणे ए, बी, सी, डी असे चार वर्ग केले. कॅन्युला बी वर्गात. ए आणि बी वर्गातल्या वस्तू बनवायचा परवाना राज्याचा, म्हणजे आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाचा; सी आणि डीचा केंद्राचा. २०२० च्या फेब्रुवारीतल्या अधिसूचनेने बाकीची सगळी उपकरणंही या छत्राखाली घेतली. ए आणि बी वर्गाला १ ऑक्टोबर २०२२ पासून परवाना सक्तीचा झाला, सी आणि डीला वर्षभराने.

"त्याआधी कितीतरी खोक्यांवर लायसन्स नंबरच नसायचा," काका म्हणतात. "आपण विचारायचो, ते म्हणायचे, याला लागतच नाही. आणि खरंच लागत नव्हतं!"

परवाना आहे एवढ्यावर काका थांबत नाहीत. परवान्याला जोडलेली उत्पादनांची यादी काढून ते बोट ठेवून वाचतात. साधी कॅन्युला यादीत असते आणि सेफ्टीवाली नसते, असंही घडतं. इथे आहे. मग आयएसओ १३४८५ चं प्रमाणपत्र. हे कारखान्याच्या कामकाजाच्या पद्धतीचं असतं, वस्तूचं नव्हे. पण खोक्यावर ते वस्तूलाच मिळाल्यासारखं छापतात. त्यावरचा पत्ता आणि परवान्यावरचा पत्ता एकच आहे का, हे बघायचं. मागे एकाचं प्रमाणपत्र निघालं ते दुसऱ्याच गावातल्या ऑफिसचं, जिथे फक्त बिलं बनायची. सीईची अक्षरं छापली असतील तर त्यांच्याशेजारी चार आकडी क्रमांक हवा. निर्जंतुक केलेल्या अशा वस्तूला युरोपात बाहेरच्या संस्थेची तपासणी लागते, आणि तो क्रमांक त्या संस्थेचा असतो. नुसती दोन अक्षरं कुणीही छापू शकतो.

शेवटी लॉटचा अहवाल. ही कॅन्युला इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक केलेली आहे. हा वायू जंतू मारतो, पण स्वतःही विषारी आहे. म्हणून वस्तू हवेशीर ठेवून तो उडून जाऊ द्यावा लागतो आणि किती उरलाय हे मोजून लिहावं लागतं. अहवालावरचा लॉट नंबर खोक्यावरच्या नंबरशी जुळतोय का? पुष्कळदा एका लॉटचा देखणा अहवाल दुसऱ्याच लॉटच्या खोक्याबरोबर येतो. आज जुळला.

रात्रीच्या स्टाफने शोधलेलं कव्हर माझ्या खिशात होतं, पिशवीत बंद केलेलं. तोच लॉट. अर्थात ट्रायलसाठी आलेला लॉटच एक आहे. त्यामुळे दोष त्या एका नगात आहे, लॉटमध्ये आहे की रचनेतच, हे या खोक्यावरून कळणार नाही.

काकांनी फाइलच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलं: दुसरा लॉट मागवणे.

सकाळी १०.३०

परचेसच्या ऑफिसाबाहेर लाकडी बाकडं आहे. सकाळी त्यावर पाच-सहा टाय बसलेले असतात. आजचा मुलगा त्यात सगळ्यात तरुण. बी.फार्म झालेला, एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्याचा माणूस. मला बघून उभा राहिला.

"सिस्टर, आज होईल ना?"

मी फोनवरचा फोटो दाखवला: सुई उघडी, क्लिप मागे कॅन्युलातच अडकलेली.

"सुई तिरकी काढली असेल सिस्टर. टेक्निकचा भाग असतो थोडा. सरळ ओढली की..."

"रात्री तीन वाजता सगळ्याच सुया तिरक्या निघतात," मी म्हटलं.

तो गप्प झाला. मग बाजूला जाऊन कारखान्यात फोन लावला. परत आल्यावर म्हणाला, "क्वालिटीवाले तो नग मागताहेत." त्याच्याबद्दलचं माझं मत तिथे थोडं बदललं. बहुतेक जण अशा वेळी नवं खोकं देतात, जुना नग मागत नाहीत. नग मिळेल, पण मीटिंगनंतर आणि लेखी तक्रारीसोबत, असं मी सांगितलं. टोक झाकून, न भोसकणाऱ्या डब्यात घालून.

जाता जाता तो मनातलं बोलला. "सिस्टर, प्रत्येक हॉस्पिटल पहिला प्रश्न विचारतं, आधी कुठे चालू आहे? युजर लिस्ट द्या. ज्याच्याकडे लिस्ट नाही त्याला कुणी घेत नाही, आणि घेतल्याशिवाय लिस्ट होत नाही. पहिलं कुणी व्हायचं?"

आमच्याच फॉर्मवर तो रकाना आहे, दुसऱ्या क्रमांकावर. आणि तो भरलेला असला की बाकीचे रकाने आम्ही जरा भराभर वाचतो, हेही खरं आहे.

दुपारी १२.००

वॉर्डाच्या टोकाला जिथे बेडपॅन धुतात, कचऱ्याच्या पिशव्या बांधतात, त्या खोलीत मावशींना भेटायचं ठरलं होतं. या मावशी सफाईला आहेत. इथे त्या माझ्याआधीपासून.

२०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे सुया पांढऱ्या, अर्धपारदर्शक, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात जातात. नळ्या, सलाईनचे सेट आणि सुई काढलेल्या सिरिंजा लाल पिशवीत. भिंतीवर रंगीत तक्ता आहे. तक्त्यात प्रत्येक वस्तू आपापल्या डब्यात नीट बसलेली दिसते.

"आता बघा," मावशी म्हणाल्या. साधी सुई नीडल कटरच्या भोकात जाते, खट् होतं, काम झालं. सेफ्टीवाल्या सुईच्या टोकावर क्लिप बसलेली असते, त्यामुळे ती त्या भोकात शिरतच नाही. मग ती सबंध पांढऱ्या डब्यात टाकायची. पण आमच्या पांढऱ्या डब्याच्या तोंडावर लवचिक झडप आहे. क्लिप तिला अडते. सुई अर्धी आत, अर्धी बाहेर.

"मग स्टाफ काय करतात?"

"तशीच सोडतात. त्यांच्यामागं दहा कामं. मग मी ढकलते."

"बोटानं?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. कोपऱ्यातला प्लॅस्टिकचा चमचा उचलून दाखवला. घरून आणला होता.

मी तिथेच स्टुलावर बसले. ज्या वस्तूचा एकुलता एक गुण म्हणजे ती टोचत नाही, तिच्यामुळे डब्याच्या तोंडाशी सुयांचं कुंपण तयार झालं होतं. त्यात कालच्यासारखी एखादी क्लिप न बसलेली सुई असली, तर ती मावशींच्या चमच्याच्या पुढेच येणार. माझ्या फाइलीत आयएसओची प्रमाणपत्रं होती, कारखान्यातल्या चाचण्या होत्या, दोन डॉक्टरांचे अभिप्राय होते. डबा कुणीच लक्षात घेतला नव्हता. मीसुद्धा नाही. ट्रायलचा आराखडा मीच केला होता.

"हे फॉर्मवर लिहा ना."

"मी? तुम्हीच लिहा, मी सांगते."

"नाही. सही तुमची लागेल."

मावशींनी पदराला हात पुसले आणि पेन घेतलं. रकाना अरुंद होता, म्हणून कागद आडवा करून लिहिलं: "डब्याचे तोंड लहान. सुई अडकते. मोठ्या तोंडाचा पाहिजे." खाली पूर्ण नाव, एकेक अक्षर जोडत.

बाकीचा वेळ जोडण्या तपासण्यात गेला. कॅन्युलाच्या मागच्या तोंडाचा उतार जगभर सहा टक्क्यांचा ठरलेला आहे. त्यामुळे कुठल्याही कंपनीची सिरिंज, थ्री-वे, एक्स्टेन्शन तिच्यात बसते. कागदावर बसतेच. तरी आमच्या स्टोअरमधली प्रत्येक जोडून, पाणी भरून, दाब देऊन बघितली. कुठे गळली नाही.

दुपारी १.३०

डबा खाताना मायक्रोबायॉलॉजीच्या डॉक्टर मॅडमनी विचारलं, "तुला या कॅन्युलाचं एवढं काय पडलंय?"

त्यांना माहीत आहे, तरी विचारतात. वॉर्डात असताना एकदा मलाही टोचली होती. लाइन लावून झाल्यावर सुई ट्रेमध्ये ठेवली, नातेवाईक काहीतरी विचारायला आले, मी वळले आणि हात ट्रेवर टेकला. पेशंटचा रिपोर्ट नव्हता. अशा टोचण्यातून एचआयव्ही होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्का, हिपॅटायटिस सी तेव्हाच्या आकड्यांप्रमाणे सुमारे १.८ टक्के, हिपॅटायटिस बी मात्र लस न घेतलेल्या माणसाला तीस टक्क्यांपर्यंत. मी लस घेतली होती. एचआयव्ही टाळण्यासाठीच्या गोळ्या ७२ तासांच्या आत, खरं तर जितक्या लवकर तितकं बरं, आणि पुढे २८ दिवस. पोटात सतत मळमळ. घरी सांगितलं होतं, पित्त झालंय. शेवटचा रिपोर्ट येईपर्यंत पोरीच्या ताटातला उरलेला घास मी खाल्ला नाही. असा पसरत नाही हे शिकलेली मी. तरी नाही खाल्ला.

०.३ टक्का म्हणजे हजारात तीन. तो आकडा शिकवताना फार लहान वाटतो.

"भाजी घे," मॅडम म्हणाल्या.

दुपारी ३.००

मीटिंगला आठ जण. वैद्यकीय अधीक्षक अध्यक्ष. भूलतज्ज्ञ मॅडम, फिजिशियन सर, मुलांचे डॉक्टर, मायक्रोबायॉलॉजी, मेट्रन मॅडम, परचेसचे साहेब आणि मी. काका फाइल घेऊन दाराशी.

सुरुवात परचेसच्या साहेबांनी केली. सेफ्टी कॅन्युलाची किंमत साधीच्या दुपटीहून जास्त. आमचे पुष्कळ पेशंट महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतले. तिथे आजाराचं पॅकेज ठरलेलं असतं, महाग वस्तू वापरली म्हणून वाढून मिळत नाही. वाढलेला प्रत्येक रुपया ट्रस्टच्या खिशातून. "मी विरोधात नाही," ते म्हणाले, "मी फक्त गुणाकार करून आणलाय." गुणाकार सगळ्यांनी बघितला. खोलीत जरा शांतता झाली.

भूलतज्ज्ञ मॅडमनी वेगळीच गाठ सोडवायला घेतली. "यांच्याकडे १८ ते २४ एवढेच साइज आहेत. अपघाताचा पेशंट रक्तस्रावात आला तर मला १६ आणि १४ लागतात. म्हणजे ते साध्या कॅन्युलाचे राहणार. एकाच ट्रॉलीत दोन तऱ्हा. जिला सेफ्टीची सवय झालीय, ती साधी सुईसुद्धा बेफिकीर ठेवेल." हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. लिहून घेतला.

मुलांच्या डॉक्टरांनी पिवळ्याला सरळ नाही म्हटलं. फिजिशियन सरांना कॅन्युला आवडली होती. त्यांच्या आयसीयूत रक्तातून पसरणारे आजार जास्त.

मग मी कालची सुई टेबलावर ठेवली, पारदर्शक डब्यात. शेजारी कव्हर. शेजारी मावशींचा फॉर्म.

फिजिशियन सर हसले. "म्हणजे आता प्रॉडक्ट मावशी पास करणार?"

मेट्रन मॅडमसुद्धा हसल्या. मला राग आला नाही. नऊ वर्षांपूर्वी मीही हसले असते. मी सांगितलं, अमेरिकेत २००० च्या नोव्हेंबरमध्ये सुई टोचण्याविरुद्ध कायदा झाला. त्यात सुरक्षित उपकरणं वापरायला लावलीच, वर ती निवडताना पेशंटची प्रत्यक्ष शुश्रूषा करणाऱ्या, अधिकारपदावर नसलेल्या कर्मचाऱ्यांना विचारलं पाहिजे असंही घातलं. पण तिथेही शब्द "शुश्रूषा करणारे" असाच आहे. पिशवी उचलणारी बाई त्यातही येत नाही.

अधीक्षक म्हणाले, "आपल्याकडे टोचतं कुणाला?"

प्रिक रजिस्टर मी सोबत नेलं होतं. नावं न घेता वर्षभराचे फक्त हुद्दे वाचले. स्टाफ. इंटर्न. मावशी. स्टाफ. मावशी. मामा. मावशी. टेक्निशियन. मावशी. जागेच्या रकान्यात मावशींपुढे बहुतेक ठिकाणी एकच नोंद होती: पिशवी बांधताना. म्हणजे सुई डब्यात गेलीच नव्हती, लाल पिशवीत गेली होती. हे वाचत असताना कुणी मध्ये बोललं नाही.

पंचेचाळीस मिनिटांनी जे ठरलं ते असं. सेफ्टी कॅन्युला फक्त आयसीयू आणि आयसोलेशनला, सशर्त. पिवळी वगळून. क्लिप न बसण्याचं कारण कंपनीने लेखी द्यावं आणि दुसऱ्या लॉटची ट्रायल व्हावी; त्याआधी ऑर्डर नाही. घटनेची नोंद उपकरणांवर लक्ष ठेवणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाकडे पाठवावी. मटेरिओव्हिजिलन्स नावाने २०१५ पासून तो चालतो, राष्ट्रीय केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये. एका हॉस्पिटलमधली एक क्लिप म्हणजे योगायोग. देशभरातल्या तशा चाळीस नोंदी एका टेबलावर आल्या तर त्याला कुणी टेक्निक म्हणणार नाही. तीन महिन्यांनी फेरविचार.

आणि मोठ्या तोंडाचे पांढरे डबे, सगळ्या वॉर्डांना. यावर चर्चा झालीच नाही. परचेसचे साहेब म्हणाले, "ते काय, किरकोळ आहे. घेऊन टाका."

संध्याकाळी ५.१५

मीटिंगमध्ये हो म्हटलं म्हणजे वस्तू मंजूर झाली, असं बाहेरच्यांना वाटतं. आमच्याकडे विचारतात, "कोड निघाला का?" कॉम्प्युटरमध्ये वस्तूचा कोड तयार झाल्याशिवाय वॉर्डाला मागणी टाकता येत नाही, परचेसला ऑर्डर काढता येत नाही, बिलात ती येत नाही. कोड नाही तर वस्तू नाही.

कोड काढायला मी काकांशेजारी बसते, कारण नाव काय टाकायचं यावर पुढचं सगळं चालतं. नुसतं "कॅन्युला २०" टाकलं, तर महिनाभरात सेफ्टीच्या नावाखाली साधी येईल आणि बिल सेफ्टीचं लागेल. म्हणून वस्तू, क्लिपचा प्रकार, गेज, रंग, वर्ग, कोणत्या विभागाला, कोणत्या तारखेपर्यंत, असं सगळं लिहायचं. लॉट नंबर आवकीच्या वेळी टाकल्याशिवाय नोंद पुढे सरकू नये, अशी अट घालायची. उद्या कंपनीने एखादा लॉट परत मागवला, तर तो कुठल्या मजल्यावर, कुठल्या कपाटात आहे हे पाच मिनिटांत कळायला हवं.

आज कोड काढला, पण कुलूप लावून. दुसऱ्या लॉटचा अहवाल आल्यावर काका ते उघडतील.

संध्याकाळी ६.३०

बाकड्यावर तो एकटाच उरला होता. टाय खिशात. मी सगळं सांगितलं. पिवळी वगळल्याचं ऐकून चेहरा उतरला, "सशर्त"वर आणखी उतरला. मग त्याने वही काढली आणि एक एक मुद्दा लिहायला लागला. रक्त उशिरा दिसतं. पॅक कोपऱ्यात फाटतो. मागचा भाग जड.

"डब्याचं तोंड," मी म्हटलं.

"ते आमचं नाही ना सिस्टर?"

"तुमच्या माहितीपत्रकात लिहा. किती रुंद तोंडाचा डबा लागेल ते. पुढच्या हॉस्पिटलला उपयोग होईल."

त्याने तेही लिहिलं. मग थोडं चाचरत विचारलं, "युजर लिस्टमध्ये तुमचं नाव टाकू का?"

"कुलूप उघडल्यावर."

त्याने नग असलेला डबा आणि तक्रारीचं पत्र बॅगेत वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलं. पोच लिहून घेतली, वेळ टाकून.

संध्याकाळी ७.१०

निघण्याआधी ट्रायलच्या फॉर्मचा मसुदा ऑफिसात दिला, पुढच्या वेळेसाठी छापायला. बॉलपेनने आखलेला रकाना आता छापील होईल, थोडा रुंद. पोराने विचारलं, "उचलणारा की उचलणारी?" मी म्हटलं, "दोन्ही लिही."

जिन्याशी मावशी भेटल्या. दुसरी पाळीही आज त्यांनीच घेतली होती. कुणाची तरी रजा.

"माझा कागद दाखवला का तिथं?"

"दाखवला. मोठ्या तोंडाचे डबे येणार आहेत. सगळीकडे."

"आणि ती क्लिपवाली?"

"आधी आयसीयूत."

"आमच्या जनरलला?"

"तीन महिन्यांनी बघू म्हणालेत."

मावशींनी मान हलवली. कुरकुर केली नाही, आनंदही दाखवला नाही. वाकून जनरल वॉर्डाची लाल पिशवी उचलली आणि निघाल्या, जिन्यावरून खाली, पिशवी अंगापासून हातभर लांब धरून.